सबवूफर कोपऱ्यात की भिंतीच्या मधोमध?
कोपऱ्यात सबवूफरचा (फक्त खालचे, म्हणजे बासचे सूर वाजवणाऱ्या स्पीकरचा) दणका सर्वात मोठा, कारण दोन भिंती आणि जमीन आवाजाला जोर देतात. पण तिथून खोलीचे सगळे अनुनाद, म्हणजे भिंतींमध्ये घुमून फुगणारे ठरावीक सूर, एकदम जागे होतात. ४.३ मीटर लांब खोलीत ४० हर्ट्झच्या आसपासचा सूर घुमत राहतो, आणि डग्ग्याची मींड त्यात बुडून जाते.

लांब भिंतीच्या मधोमध ठेवला, तर हाच अनुनाद जवळजवळ उठत नाही. दणका कमी, बास मात्र स्वच्छ. गाणं ऐकायचं असेल तर मी हीच जागा घेईन. सिनेमाच्या स्फोटांसाठी कोपरा चालेल.

स्पीकरचं तोंड समोर की जमिनीकडे, याने फारसा फरक पडत नाही: ८० हर्ट्झखालची लहर चार मीटरहून लांब असते, ती सगळीकडे पसरतेच.