सीएमएससाठी सर्व्हर घ्यायचाय, व्हर्च्युअल घेऊ की फिजिकल?

सीएमएस म्हणजे साइटचा मजकूर सांभाळणारं सॉफ्टवेअर, ते वर्डप्रेस असू दे, ड्रुपल असू दे नाहीतर जूमला, साइट जरा मोठी झाली की हा प्रश्न पडतोच. व्हर्च्युअल म्हणजे एका मशीनचे सॉफ्टवेअरने पाडलेले भाग, त्यातला एक आपला, आणि फिजिकल म्हणजे अख्खं मशीन आपलं. माझं मत आधीच सांगून टाकतो, सुरुवात व्हर्च्युअलवरच करा आणि फिजिकलवर जायचंच असेल तर आकडे बघून जा, नुसतं अख्खं मशीन आपलं असलेलं बरं वाटतं म्हणून नको.

व्हर्च्युअल म्हटलं की स्लो असणार हा समज आता जुना झाला. केव्हीएम, म्हणजे एका मशीनवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय, २००७ पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच (गाभ्यातच) आहे, प्रोसेसरही व्हर्च्युअलायझेशनला हार्डवेअरमधूनच सपोर्ट देतात, त्यामुळे त्यात जाणारी ताकद साध्या साइटला जाणवत नाही. त्रास होतो तो शेजाऱ्यांचा, म्हणजे त्याच मशीनवरच्या दुसऱ्या कुणाचं मोठं काम चालू झालं की तुमची डिस्क आणि सीपीयू अडकतात. हे बघणं सोपं आहे, गर्दीच्या वेळी सर्व्हरवर लिनक्सची टॉप (top) कमांड चालवा आणि सीपीयूच्या ओळीत शेवटी एसटी (st) लिहिलेला आकडा बघा. तुमच्या व्हीएमला (व्हर्च्युअल मशीनला) सीपीयू हवा होता पण हायपरवायझरने, म्हणजे मशीन वाटून देणाऱ्या सॉफ्टवेअरने, तेवढ्यात तो दुसऱ्याला दिला, तो हा वेळ. शून्याच्या आसपास असेल तर निवांत राहा, पण रोज तासन् तास १० टक्क्यांच्या वर राहत असेल तर प्लॅन किंवा प्रोव्हायडर बदला.

मात्र बऱ्याचदा दोष सर्व्हरचा नसतोच. माझ्याकडे एक साइट होती, २ जीबी रॅमचा व्हीपीएस (भाड्याचा व्हर्च्युअल सर्व्हर), संध्याकाळी ट्रॅफिक वाढला की डेटाबेस कनेक्शनचा एरर यायचा आणि सगळे म्हणायला लागले की आता डेडिकेटेड, म्हणजे फिजिकल, घ्या. बघितलं तर पीएचपी-एफपीएममध्ये (साइटचा पीएचपी कोड चालवणाऱ्या भागात) मॅक्स चिल्ड्रन, म्हणजे एकावेळी जास्तीत जास्त किती प्रोसेस चालायचे तो आकडा, ५० ठेवलेला आणि एकेक प्रोसेस साधारण ६० एमबी खात होती, म्हणजे नुसत्या पीएचपीलाच ३ जीबी! रॅम संपली की कर्नल सहसा सगळ्यात जास्त मेमरी खाणारा प्रोसेस मारतो, इथे तो मायएसक्यूएल, म्हणजे डेटाबेसच, होता. आकडा १५ वर आणला, पेज कॅश (तयार पानं साठवून तीच परत देणारी सोय) लावला, आणि तोच व्हीपीएस आरामात चालला.

मग फिजिकल कधी? डेटाबेसवर दिवसभर सारखा लोड आहे, मीडिया लायब्ररी प्रचंड आहे, सर्च इंडेक्सही तिथेच चालतो, किंवा डेटा वेगळ्या मशीनवरच हवा असा नियमच आहे, अशा वेळी नक्की घ्या. सगळे कोअर तुमचे, डिस्कचा स्पीड तुमचा, आज एक आणि उद्या एक असं होत नाही. पण डिस्क गेली तर ती बदलायला माणूस लागतो, रॅम वाढवायला मशीन बंद करावं लागतं आणि मदरबोर्ड गेला तर साइट किती वेळ बंद राहील हे सुटा पार्ट कुठे पडलाय त्यावर ठरतं. रेड १ (दोन डिस्कवर एकच डेटा) लावलंय म्हणून बॅकअप नको असं कृपया समजू नका, चुकून टेबल उडवलं तर ते दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी उडतं.

व्हर्च्युअलवर प्लगिन अपडेट करायच्या आधी स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची पूर्ण नक्कल) घेता येतो आणि बिघडलं तर मागे जाता येतं, ही सोय मला सगळ्यात मोलाची वाटते. तरी डेटाबेसचा डंप (सगळा डेटा फाइलमध्ये उतरवलेली प्रत) वेगळा काढून दुसरीकडे ठेवाच, कारण चालू डेटाबेसचा स्नॅपशॉट म्हणजे मशीनची वायर अचानक ओढल्यासारखी स्थिती असते. रॅम आणि सीपीयू बहुतेक ठिकाणी एका रीबूटमध्ये वाढतात, डिस्क वाढवणं सोपं आहे पण कमी करणं डोकेदुखी, म्हणून ती आधी लहानच घ्या.

आणि फिजिकल घेतलंच तरी त्यावर थेट सीएमएस टाकू नका असं मी सांगेन, आधी हायपरवायझर टाका आणि वेब आणि डेटाबेस वेगवेगळ्या व्हीएममध्ये ठेवा, म्हणजे उद्या मशीन बदलायची वेळ आली तर सगळं नव्याने बसवत न बसता व्हीएम उचलून दुसरीकडे नेता येतात.