‘माइलस्टोन ट्रॅकर’: तान्ह्या व लहान मुलांच्या विकासाची नोंद ठेवणारे अ‍ॅप

अमेरिकेतील सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेचे हे मोफत अ‍ॅप दोन महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांसाठी आहे. प्रत्येक वयाच्या विकास-टप्प्यांची यादी भावनिक-सामाजिक वागणूक, भाषा, आकलन आणि हालचाली अशा चार भागांत विभागलेली असून, दर प्रश्नाला ‘हो’, ‘नक्की सांगता येत नाही’ किंवा ‘अजून नाही’ यांपैकी एक उत्तर द्यायचे असते.

अ‍ॅपचे खरे बळ त्यातील छायाचित्रांत आणि चित्रफितींत आहे. ‘मूल बोट दाखवते का?’ असे नुसते विचारले, तर बहुतेक पालक ‘हो’ म्हणून मोकळे होतात. परंतु हवी ती वस्तू मिळवण्यासाठी बोट दाखवणे निराळे आणि आपल्याला दिसलेली गंमत दुसऱ्यालाही दिसावी म्हणून बोट दाखवणे निराळे. पहिली खूण पंधरा महिन्यांच्या यादीत आहे, दुसरी अठरा महिन्यांच्या. आणि ही दुसरी खूण न दिसणे स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) दृष्टीने विशेष लक्ष देण्याजोगे असते. हा फरक प्रत्यक्ष पाहूनच नीट समजतो.

या याद्या २०२२ मध्ये सुधारण्यात आल्या. पूर्वी सुमारे निम्मी मुले गाठतील असे टप्पे त्यांत असत. आता निदान ७५ टक्के मुलांकडून त्या वयात अपेक्षित असलेले टप्पेच ठेवले आहेत. त्यामुळे ‘थोडे थांबून पाहू’ म्हणण्याला जागा कमी उरते, हे मला योग्य वाटते. मात्र रांगणे यादीतून वगळले गेले आणि सुमारे पन्नास शब्दांची अपेक्षा तीस महिन्यांवर ठेवली गेली, यावर वाचा-उपचारतज्ज्ञांसह इतर तज्ज्ञांनी आक्षेप घेतले. भाषेच्या बाबतीत त्यांचे म्हणणे मला अधिक पटते: दोन वर्षांचे मूल मोजकेच शब्द बोलत असेल, तर यादीत ‘उशीर’ दिसेपर्यंत न थांबता श्रवणचाचणी करून घ्यावी.

गरोदरपणाचे सदतीस आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या मुलाचे वय अ‍ॅप दुरुस्त करून, म्हणजे प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून, धरते, ही चांगली सोय आहे. उत्तरांचा गोषवारा डॉक्टरांना पाठवता येतो, आणि अ‍ॅपचा उपयोग तेथवरच धरावा, कारण ही प्रमाणित तपासणी नव्हे. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांची संघटना नऊ, अठरा आणि तीस महिन्यांना तशी तपासणी वेगळी करण्याचे सुचवते. आधी येणारे शब्द किंवा कौशल्य मुलाने गमावले असेल, तर पुढच्या यादीची वाट न पाहता डॉक्टरांना भेटावे.

अ‍ॅप इंग्रजी आणि स्पॅनिश भाषांतच असल्याने मुलाला दिवसभर सांभाळणाऱ्या आजी-आजोबांना प्रश्न कोणीतरी समजावून सांगावे लागतील. ज्या मुलाच्या कानावर दोन भाषा पडतात, त्याचे शब्द मोजताना दोन्ही भाषांतील शब्द धरावेत.