बटरफ्लाय मिल्कवीडचं बी: मुरमाड जागेसाठी घ्याच, पण घाई नको

अमेरिकेतल्या मिझुरीत आमच्या घरामागे उतारावर नुसता चुनखडीचा दगड आणि वर वीतभर माती, तिथं काहीच टिकत नव्हतं म्हणून बटरफ्लाय मिल्कवीडच्या बियांचं पाकीट मागवलं. हे इथलंच प्रेअरीचं, म्हणजे गवताळ माळरानाचं फुलझाड, शास्त्रीय नाव अॅस्क्लेपियस ट्यूबरोसा. बी टपोरं, स्वच्छ होतं, उगवलंही छान.

एक तक्रार मात्र आहे, पाकिटावर थंडी द्यायची असते हे कुठेच लिहिलेलं नाही. पहिल्या वर्षी एप्रिलमध्ये तसंच पेरलं आणि मोजून दोन रोपं आली, मग उरलेलं बी ओलसर वाळूत घालून महिनाभर फ्रिजमध्ये ठेवलं तेव्हा कुठे भराभर उगवलं. नाहीतर सरळ नोव्हेंबरात बाहेर पेरा, हिवाळा आपोआप काम करतो.

आणि जागा आधीच ठरवा प्लीज, कारण ह्याचं सोटमूळ खूप खोल जातं, मोठं झाड हलवलं की बहुतेकदा मरतं. त्याच मुळामुळे ते कोरड्यात तग धरतं. खत नको, रोज पाणी तर नकोच, मूळ कुजतं. वसंतात बाकी सगळं हिरवं झालं तरी हे उशिरा वर येतं, मेलं समजून उकरू नका!

फुलं तिसऱ्या उन्हाळ्यात आली, असला भगवा रंग की बघतच राहावं. ऑगस्टमध्ये पानांवर मोनार्क फुलपाखराच्या पट्टेरी अळ्या दिसल्या, मी तर पोरांना हाका मारत पळत गेले. पानं कुरतडलेली दिसली तरी फवारणी अजिबात करू नका, त्या अळ्या फक्त मिल्कवीडच खातात.

पाच पैकी चार स्टार, एक त्या सूचनेसाठी कापला.