वरून बोल्ट, खालून चिकटवलेले नट

नाशिकमध्ये कुणाकडून होडीला फोल्डिंगच्या खुर्च्या बसवून घेणार असाल, तर उरलेले पैसे हातावर ठेवायच्या आधी एवढं वाचा. माझे १४,५०० रुपये गेले, ते मी पुन्हा कमवीन. पण माझे वडील त्या खुर्चीसकट मागे कोसळले आणि त्यांच्या दोन बरगड्यांना चीर गेली. होडीत पडले म्हणून वाचले.

आमची मासेमारी दारणा धरणाच्या फुगवट्यावर, इगतपुरी तालुक्यात. धरण इंग्रजांच्या काळातलं, १९१६ चं. आमच्या तीन पिढ्या या पाण्यावर जगल्या. आम्ही मच्छीमार संस्थेचे सभासद, होडी स्वतःची, १४ फुटी फायबरची. जाळ्यात कटला, रोहू, मृगळ येतो, हल्ली तिलापियाच जास्त. संध्याकाळी जाळं लावायचं आणि पहाटे उचलायचं, हा रोजचा क्रम.

वडिलांना आम्ही आण्णा म्हणतो. वय ६८, दोन्ही गुडघे गेलेले. होडीत बसायला आडवी फळी असते, तिच्यावर टेका न घेता तीन-चार तास बसणं त्यांना जमेना. मी म्हटलं, "आण्णा, तुम्ही घरी थांबा, मी धाकट्याला घेऊन जातो." त्यांनी उत्तरच दिलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे माझ्या आधी काठावर जाऊन उभे होते. मग ठरवलं, पाठ टेकता येईल अशी खुर्ची बसवायची. फोल्डिंगचीच हवी होती, कारण जाळं ओढताना उभं राहावं लागतं आणि उभी खुर्ची आड येते. तिच्या कोपऱ्यात जाळं अडकलं की फाटतं. पाठ पुढे पाडली की फळीला सपाट बसेल, अशी खुर्ची हवी होती.

एका ओळखीच्याने अंबडच्या बाजूचा एक फॅब्रिकेटर सांगितला. शेड मोठी, आत चार माणसं कामाला, बोलणं गोड. मी त्याला खुर्ची कशासाठी हवी ते नीट सांगितलं, आण्णांचं वय सांगितलं, होडीला हिसके बसतात हेही सांगितलं. त्याने ड्रॉवरमधून एक बोल्ट काढून माझ्या तळहातावर ठेवला. डोक्यावर "ए२-७०" असं कोरलेलं. म्हणाला, "दादा, हे ३०४ स्टेनलेस. पाण्यात दहा वर्षं काही होत नाही. आरपार बोल्ट टाकतो, खाली प्लेट देतो, फळी मरीन प्लायची नवीन करतो." बोल्ट खरा होता. ए२ म्हणजे ३०४ जातीचं स्टेनलेस आणि ७० हा ताकदीचा आकडा, हे मला नंतर कळलं. नमुना म्हणून दाखवलेला तो एकच बोल्ट खरा होता, हेही नंतरच कळलं.

मी घरी येऊन त्याला व्हॉट्सॲपवर लिहिलं: दोन खुर्च्या, आरपार बोल्ट, खाली प्लेट, ३०४, मरीन प्लाय, एकूण १४,५००, बरोबर ना? त्याने "हो दादा, ओके" असं लिहून पाठवलं. हा एक मेसेज आज माझ्या हातातला सगळ्यात मोठा पुरावा आहे. बाकी मी चुकलोच. ५,००० रुपये फोनवरून पाठवले, त्याची नोंद आहे. उरलेले ९,५०० रोख दिले. "बिल घेतलंत तर जीएसटी वर पडेल, तुमचंच नुकसान," असं तो म्हणाला आणि मी बिल सोडून दिलं.

पिकअपमध्ये घालून होडी नेली. तिसऱ्या दिवशी आणायला गेलो. खुर्च्या दिसायला देखण्या, निळं रेक्झिन, बोल्टची डोकी चकाकत होती. मी फळीच्या खाली हात घातला. खाली अंधार असतो, वाकून डोकं आत जात नाही, म्हणून बोटांनी चाचपलं. चार गोल टोपी नट हाताला लागले, प्लेटचा गार पत्राही लागला. दुसऱ्या खुर्चीखालीही तसंच. मी खुर्ची धरून हलवली, हलली नाही. समाधान वाटलं. पैसे मोजून दिले.

दोन महिने काही झालं नाही. ऑगस्टचा पाऊस, सप्टेंबर, मग गणपती. होडीत रोज पाणी यायचं, आम्ही रोज उपसायचो. ऑक्टोबरात आण्णा एकदा म्हणाले, "खुर्ची करकरतेय रे." मी बिजागरीला तेल घातलं. तेव्हाच खाली बघायला हवं होतं.

नोव्हेंबरात एका पहाटे जाळं उचलून परतत होतो. धुकं होतं. पाण्याखालच्या बुंध्याला होडीचं टोक लागलं आणि हिसका बसला. हिसका मोठा नव्हता, मी उभा होतो तरी पडलो नाही. आण्णा मागे रेलले, लाकूड फाटल्यासारखा आवाज आला आणि खुर्ची त्यांच्यासकट उलटी झाली. त्यांची पाठ मागच्या काठावर आदळली. एक हात पाण्यात होता. मी त्यांचा सदरा धरून आत ओढलं तेव्हा त्यांना श्वास घेता येत नव्हता. घोटीला नेऊन एक्स-रे काढला.

आण्णांना घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी फळी उलटी करून पाहिली. तोवर मला वाटत होतं की बोल्ट तुटले असतील. बोल्ट तुटलेच नव्हते, कारण ते नव्हतेच. वरून इंचभर लांबीचे सेल्फ स्क्रू मारले होते आणि त्यांच्यावर बोल्टच्या डोक्यासारखी टोपी बसवली होती. खाली आलेले टोपी नट पत्र्याला एपॉक्सीने चिकटवलेले. त्यांच्यामधून काहीही आरपार गेलेलं नव्हतं. एक नट मी बोटाने दाबला तर सुटून हातात आला. त्याच्या आत आटे स्वच्छ होते, कोरे, कधी बोल्ट शिरलाच नाही असे. पत्रा एक मिलिमीटरसुद्धा जाड नव्हता, तोही चिकटवलेलाच. म्हणजे माझ्यासारखा माणूस खाली हात घालून चाचपणार, हे त्याला माहीत होतं. चाचपल्यावर हाताला काय लागायला हवं, याचाही त्याने विचार केला होता. निष्काळजीपणा असता तर मी इतकं लिहिलं नसतं.

संस्थेच्या सेक्रेटरींनी एका जुन्या मेकॅनिककाकांकडे पाठवलं. काकांनी आधी लोहचुंबक काढलं. स्क्रू टक्कन चिकटले. म्हणाले, हे साधं लोखंड, वर झिंकचं पाणी. एक गोष्ट त्यांनी नीट समजावली आणि ती सगळ्यांना माहीत असायला हवी: चुंबक जोरात चिकटलं तर ते ३०४ नाही, हे जवळजवळ नक्की. पण चिकटलं नाही म्हणजे ३०४ आहेच असं नाही, कारण २०२ नावाचं स्वस्त स्टेनलेससुद्धा चुंबकाला चिकटत नाही. २०२ मध्ये निकेल कमी आणि मँगनीज जास्त असतं, ते ३०४ पेक्षा लवकर गंजतं. दोघांतला फरक बघायला बाजारात तपासणीचं औषध मिळतं, एक थेंब टाकून रंग बघायचा. भंगारवालेसुद्धा ते वापरतात.

मग त्यांनी फळीची कड नखाने खरवडली. वरचा फायबरचा थर सुटला आणि आतला प्लाय भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा थराथराने उलगडला. साधा कमर्शियल प्लाय. मरीन प्लायवर आयएसआयच्या खुणेसोबत आयएस ७१० हा आकडा असतो, साध्यावर आयएस ३०३. मरीनचा तुकडा ७२ तास पाण्यात उकळला तरी थर सुटायला नको, तशी त्याची कसोटीच असते. खुणेखालचा लायसन्स नंबर बीआयएस केअर या ॲपमध्ये टाकून बघता येतो. पण फायबरचा थर चढल्यावर तो शिक्का कुणाला दिसणार? म्हणून फळी बनायच्या आधी, प्लाय उघडा असताना शिक्क्याचा फोटो मागायचा. मी मागितला नाही.

काकांनी मला हिशोबही करून दाखवला. खुर्चीची पाठ फळीपासून ४५ सेंटीमीटर उंच. पुढच्या आणि मागच्या स्क्रूंमध्ये अंतर १५ सेंटीमीटर. पाठीच्या वरच्या टोकावर २० किलोने रेललं, तर फळीपाशी ती ओढ तिप्पट होते, म्हणजे ६० किलो, आणि ती पडते एका बाजूच्या दोन स्क्रूंवर. माणूस बैठकीवर पुढे बसलेला असेल तोवर त्याचं वजन ती ओढ आवरतं. हिसक्याने तो मागे गेला की काही उरत नाही. भिजलेल्या प्लायमधला इंचभर स्क्रू मग कशाला धरून राहणार? आरपार बोल्ट असता आणि खाली खरी प्लेट असती, तर तीच ओढ फळीच्या तळहातभर भागावर पसरली असती.

नवीन काम त्यांनी माझ्यासमोर केलं, मी दिवसभर तिथेच बसून होतो. १९ मिलिमीटरचा मरीन प्लाय, शिक्का दाखवून. प्रत्येक खुर्चीला ८ मिलिमीटरचे चार आरपार बोल्ट. खाली ६ मिलिमीटर जाड ॲल्युमिनियमची प्लेट, तिच्यावर मोठे वायसर, त्यावर नायलॉक नट, म्हणजे इंजिनाच्या थरथरीने सैल होत नाहीत. भोक पाडल्यावर लगेच बोल्ट टाकला नाही. आधी भोकाच्या आतून रेझिन फिरवलं, वाळू दिलं, मग पॉलियुरेथेनचं सीलंट लावून बोल्ट बसवले. पाणी भोकातूनच प्लायमध्ये उतरतं, म्हणून ही मेहनत. बाथरूमचं सिलिकॉन लावून भागवणारे पुष्कळ आहेत, तेही विचारून घ्या. आणि नटातून बोल्टचे दोन-तीन आटे बाहेर ठेवले. ते मला फार आवडलं. टोपी नट सुंदर दिसतो, पण आत बोल्ट आहे की नाही ते झाकतो. उघड्या नटातून आटे बाहेर दिसले की शंका राहत नाही. जिथे डोळा पोचत नाही तिथे मोबाइल खाली धरून फोटो काढायचा. हे दहा सेकंदांचं काम मी पहिल्या वेळी केलं नाही.

मी त्या फॅब्रिकेटरकडे गेलो. सुटलेला नट त्याच्या टेबलावर ठेवला. आधी म्हणाला ओव्हरलोड झाली असेल. मग म्हणाला मुलांनी केलं, मला माहीत नाही. शेवटी आवाज चढवून म्हणाला, "तुम्ही धंद्यासाठी होडी वापरता, तुम्हाला ग्राहक म्हणून तक्रार करताच येत नाही."

हे वाक्य ऐकून मी दोन आठवडे गप्प बसलो होतो, म्हणून इथे मुद्दाम लिहितो. ते खोटं आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वस्तू वगळल्या आहेत, हे खरं. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठीच जो वस्तू वापरतो, तो त्यातही ग्राहकच धरला जातो, असं कायद्यातच लिहिलंय. मासेमारी करणारा, रिक्षा चालवणारा, शिलाई मशीनवर बसणारी बाई, सगळे त्यात येतात. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, त्यांनी तक्रार नोंदवून घेतली. मग जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. मुदत दोन वर्षांची, पण वाट बघू नका, पुरावे हरवतात.

जुनी फळी, ते स्क्रू आणि नट मी पोत्यात बांधून माळ्यावर ठेवलेत. मालात दोष आहे की नाही हे बघायला आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. रागाच्या भरात बायको ती फळी चुलीत घालणार होती, मी वेळेवर पोचलो. रोख दिलेल्या ९,५०० रुपयांना मात्र माझ्याकडे त्या मेसेजमधल्या एकूण रकमेशिवाय काही आधार नाही. त्याबद्दल रोज हळहळ वाटते. पुढची तारीख अजून यायची आहे.

आण्णांच्या बरगड्या भरून आल्या. नव्या खुर्च्या बसवून आठ दिवस झाले तरी ते होडीत चढत नव्हते, काठावरच उभे राहायचे. काल म्हणाले, "आधी तू बस." मी बसलो. "मागे रेल." मी रेललो. "जोरात." मी पाय पुढच्या फळीला लावून पाठीने जोर दिला. आण्णा कष्टाने गुडघ्यावर बसले, फळीखाली हात घातला आणि एकेका नटावर बोट ठेवून चारही नट चाचपत राहिले.