ऑइलचं झाकण उघडून धूर दाखवला की लगेच इंजिन खोलू देऊ नका

आमच्या यावल-रावेर पट्ट्यात केळीच्या मळ्यावर जाणाऱ्या जुन्या डिझेल गाड्या भरपूर आहेत. त्यांच्या मालकांसाठी हे मुद्दाम लिहितोय, कारण माझे 42 हजार रुपये ज्या युक्तीनं गेले, ती युक्ती दुसऱ्या कुणावरही चालू शकते.

आमची बोलेरो जुनी, 2523 सीसीच्या डिझेल इंजिनाची. डिपस्टिकच्या, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीच्या नळीतून ऑइल बाहेर यायला लागलं, टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या सगळ्यात वरच्या झाकणाच्या) कडेनंही झिरपत होतं. तालुक्यातल्या एका गॅरेजवर नेली. मिस्त्रीनं इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढलं. भकाभका धूर आला. "भाऊ, बॅक कॉम्प्रेशन आहे. रिंगा-पिस्टन गेले. हाफ इंजिन करावं लागेल, नाहीतर रस्त्यात बसाल." बॅक कॉम्प्रेशन म्हणजे सिलिंडरमधला गॅस झिजलेल्या रिंगांवरून खाली उतरणं, आणि हाफ इंजिन म्हणजे सिलिंडरवरचं हेड उतरवून रिंगा-पिस्टन बदलणं. दिसायला तो धूर भयंकरच असतो.

पण सिलिंडरमधला थोडा गॅस पिस्टनवरच्या रिंगांच्या बाजूनं खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोकळीत उतरतोच, चांगल्या इंजिनातही. तो बाहेर काढायला ब्रीदर पाईप असतो. पाईप तुंबला की आत दाब वाढतो आणि ऑइल मिळेल त्या वाटेनं निघतं: डिपस्टिक, पॅकिंग, क्रँकचं सील. म्हणजे झाकणातून धूर येण्याचं कारण झिजलेल्या रिंगा असू शकतं, तसंच बंद पडलेला ब्रीदरही. नुसता धूर पाहून यातलं काय ते कुणालाच सांगता येत नाही.

तेव्हा मला हे माहीत नव्हतं, मी कामाला हो म्हणालो. काम झालं म्हणून फोन आला. गाडी धुऊनपुसून उभी, सोबत गोणीत "तुमचे जुने पिस्टन". बिल साध्या कागदावर, त्यावर ना जीएसटी नंबर, ना पार्टचा नंबर. पक्कं बिल मागितलं तर "नंतर देतो". काही दिवस गळती दिसली नाही, मग पुन्हा तेच.

भुसावळला एक म्हातारे मिस्त्री आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी आधी टॉर्च लावून हेडचे बोल्ट पाहिले. बोल्टांच्या खोबणीत धूळ आणि ऑइलचा काळा थर घट्ट बसलेला, पान्याची एक खूण नाही. इंजिनाच्या तळाशी असलेल्या ऑइल चेंबरच्या बोल्टांचंही तसंच, आणि हे दोन्ही सोडल्याशिवाय पिस्टन निघत नाहीत. इंजिन खोललंच नव्हतं! मग गोणीतल्या पिस्टनला व्हर्नियर (बारीक माप घ्यायची पट्टी) लावला. या इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास 88.9 मिलिमीटर, पिस्टन त्याहून अगदी किंचित कमी असतो. हातातला पिस्टन सात-आठ मिलिमीटरनं लहान निघाला. झिजून पिस्टन एवढा लहान होत नाही, तो दुसऱ्याच कुठल्या गाडीचा होता. गळती थांबलेली दिसली ती जास्त घट्ट ऑइल भरल्यामुळे असावी, असं चाचांचं म्हणणं.

त्यानंतर त्यांनी ब्रीदरचा पाईप टॅपेट कव्हरपासून सोडवला, तसा झाकणातला धूर लगेच ओसरला. पाईपमध्ये फुंकर मारली तर हवा पलीकडे जाईना. आत दुधावरच्या सायीसारखा पिवळट लगदा साचला होता. घर ते मळा एवढ्याच फेऱ्या असल्या की इंजिन पुरतं तापत नाही, आतली वाफ ऑइलमध्येच राहते आणि असा लगदा होतो. चाचांनी गेज लावून चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब मोजला, तो जवळपास सारखा आला; एखाद्या सिलिंडरच्या रिंगा गेल्या असत्या तर तिथला आकडा कमी आला असता. कव्हरमधली ब्रीदरची जागा डिझेलनं धुतली, नवा पाईप बसवला. सगळं मिळून हजाराच्या आत. गळती थांबली ती थांबलीच.

तेव्हा कुणी हाफ इंजिन सांगितलं, तर आधी ब्रीदर सोडवून झाकणाशी पुन्हा पाहायला लावा आणि कॉम्प्रेशनचे आकडे लिहून घ्या. हेड उतरवताना स्वतः हजर राहा, जमलं नाही तर घरच्या कुणाला उभं करा. ब्रीदरचा पाईप काढून खाली मोकळा सोडून देतो असं कुणी म्हणालं तर तेही करू देऊ नका, आपल्याकडच्या फुफाट्यात इंजिनात धूळ जाते.

बिल न देणं ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. मी बोल्टांचे फोटो, गोणीतला पिस्टन आणि पैसे पाठवल्याची नोंद घेऊन जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करतोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. मुदत दोन वर्षांची असते. आधी विचारायचं असेल तर 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे.