घरी शिकणाऱ्या मुलीसाठी मराठी व्याकरण: आम्हाला बालभारतीच बरं पडलं

लेक नऊ वर्षांची, घरीच शिकते. आधी एक महागडं वर्कबुक मागवलं, तर पहिल्या पानापासून नाम म्हणजे काय, सर्वनाम म्हणजे काय, नुसत्या व्याख्या, पोरगी दोन दिवसांत कंटाळली. मग ई-बालभारतीच्या साइटवरून चौथीचं मराठीचं पुस्तक घेतलं, पीडीएफ फुकट मिळते. व्याकरण धड्याखालच्या स्वाध्यायातूनच येतं हे मला फार आवडलं. परवा तीच म्हणाली, आई, घोडाचं घोड्याला होतं, कुत्राचं कुत्र्याला, मग बैलचं बैल्याला का नाही गं? तिथून पाटीवर शब्द लिहून लिहून अर्धा तास सामान्यरूपच, म्हणजे प्रत्यय लागताना शब्दाचं रूप कसं बदलतं तेच, चाललं! सराव मात्र कमी पडतो, तो आपणच काढून द्यायचा. विकारी-अविकारी, म्हणजे रूप बदलणारे आणि न बदलणारे शब्द, वगैरे मी जरा थांबूनच घेणारे.