वैद्यकीय निष्काळजीपणाची तक्रार: ग्राहक आयोग, वैद्यक परिषद की पोलीस ठाणे?

उपचारात निष्काळजीपणा झाला अशी खात्री झालेल्या कुटुंबाने कोठे जायचे, हे संतापाच्या भरात न ठरवता आपल्याला नेमके काय हवे आहे यावरून ठरवावे. भरपाई ग्राहक आयोग किंवा दिवाणी न्यायालय देते, परवान्यावर कारवाई वैद्यक परिषद करते आणि शिक्षा फौजदारी न्यायालय देते. एकाचे काम दुसरे करत नाही.

भरपाई हवी असेल तर बहुतेकांसाठी जिल्हा ग्राहक आयोग हाच सोयीचा मार्ग आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये शांता खटल्यात पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली आणि बिल विमा कंपनीने भरले असले तरी रुग्णाचा हक्क कायम राहतो, हेही स्पष्ट केले. २०१९ च्या कायद्यानुसार आयोगाची पायरी, म्हणजे जिल्हा, राज्य की राष्ट्रीय आयोग, हे मागितलेल्या भरपाईवरून नव्हे, तर चुकत्या केलेल्या बिलावरून ठरते. त्यामुळे बिल चार लाखांचे आणि मागणी साठ लाखांची असली तरी तक्रार जिल्हा आयोगातच, तीही विनाशुल्क आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते. मुदत मात्र दोन वर्षांची आहे आणि परिषदेच्या किंवा पोलिसांच्या निर्णयाची वाट पाहत बसल्याने ती आपोआप वाढत नाही. तीन महिन्यांत निकाल लावावा असे कायदा म्हणतो. त्या भरवशावर कोणी राहू नये. कोलकात्यातील साहा प्रकरणात मृत्यू १९९८ मधला होता आणि सर्वोच्च न्यायालयाने सुमारे सहा कोटी रुपयांची भरपाई दिली ती २०१३ मध्ये.

महाराष्ट्र वैद्यक परिषद डॉक्टरला ताकीद देऊ शकते किंवा नोंदवहीतून नाव काही काळासाठी वा कायमचे काढू शकते, पण रुग्णाला एक रुपयाही देऊ शकत नाही. ही तक्रार ग्राहक आयोगातील दाव्याबरोबरच चालवता येते.

पोलिसांकडे आधी धाव घेण्याचा सल्ला नातेवाईक हटकून देतात. माझ्या मते बहुतेक प्रकरणांत तो चुकीचा असतो. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानंतर डॉक्टरविरुद्धच्या फौजदारी कारवाईसाठी साधी चूक पुरत नाही, घोर निष्काळजीपणा दाखवावा लागतो, आणि तपास अधिकाऱ्याने त्याआधी स्वतंत्र, शक्यतो सरकारी, डॉक्टरचे मत घेणे अपेक्षित असते. ते मत डॉक्टरच्या बाजूने गेले, तर आयोगावर बंधनकारक नसले तरी तेच कागद तेथे आपल्याविरुद्ध मांडले जातात. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार नोंदणीकृत डॉक्टरला कमाल दोन वर्षांची शिक्षा होऊ शकते.

विम्याचा भाग येथे लक्षात घ्यावा लागतो. डॉक्टरांच्या व्यावसायिक दायित्व विम्यात दिवाणी स्वरूपाची भरपाई आणि बचावाचा खर्च येतो. गुन्हेगारी कृत्ये आणि दंड सहसा वगळलेले असतात. विमा कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक मान्य करू नये किंवा तडजोड करू नये, अशीही अट असते, म्हणून घटनेनंतर डॉक्टर अचानक बोलेनासा झाला तर त्यामागे दरवेळी अपराधीपणाच असतो असे नाही. हा विमा साधारणपणे दावा दाखल होतो त्या वेळी चालू असावा लागतो, आणि मंजूर रक्कम त्याच्या मर्यादेपलीकडे गेली तर उरलेली डॉक्टरकडूनच वसूल करावी लागते.

सर्वांना मोफत सेवा देणाऱ्या रुग्णालयातील घटना ग्राहक कायद्यात बसत नाही. तेथे दिवाणी दावा उरतो. त्याला न्यायालयीन शुल्क मागणीच्या प्रमाणात लागते आणि वेळही बराच लागतो: रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतला १९५३ मध्ये जखमी झालेल्या तरुणाच्या मृत्यूबद्दल पुण्यातील शल्यविशारदाविरुद्ध चाललेल्या दाव्याचा अंतिम निकाल १९६८ मध्ये लागला.

मार्ग कोणताही निवडला तरी उपचारांची कागदपत्रे आधी लेखी अर्ज करून मागावीत आणि अर्जाची पोच घ्यावी. २००२ च्या आचारनियमांनुसार ती ७२ तासांत मिळाली पाहिजेत, आणि ती जपून ठेवण्याचे डॉक्टरवरचे बंधन, आंतररुग्णांच्या बाबतीत, तीनच वर्षांचे आहे.